प्रकल्प नोंदी: टर्बो ट्रकला कुठलं पेट्रोल, कुठलं ऑईल (डेन्व्हर, २०२५)

५ एप्रिल २०२५, शनिवार

ट्रक: फोर्ड एफ-१५०, २०१९ चं मॉडेल. ३.५ लिटरचं इकोबूस्ट व्ही-६ इंजिन, दोन टर्बो, दहा गिअरचा ऑटोमॅटिक. कागदावर ३७५ अश्वशक्ती आणि ४७० पाउंड-फूट टॉर्क. मीटर ६१,२४० मैल. टाकी मोठी, ३६ गॅलनची. मागे ओढायचा कॅम्पर भरल्यावर ६,५०० पाउंडांच्या आसपास जातो.

हिवाळ्यात सेकंडहँड घेतला. बॉडी स्वच्छ, खाली गंज नाही, पण आधीच्या मालकाने कुठलं ऑईल घातलं आणि कुठलं पेट्रोल भरलं याचा एकही कागद सोबत आला नाही. डिपस्टिकवरचं ऑईल काळंकुट्ट आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात ते तसं लवकर होतंच, त्यामुळे रंगावरून काही ठरवत नाही.

मे अखेरीस कॅम्पर जोडून डोंगरात जायचं आहे. त्याआधी पेट्रोल आणि ऑईल या दोन्ही गोष्टींचा निकाल लावायचा. दर वेळी पंपावर उभं राहून विचार करायचा नाही, हा खरा हेतू.

६ एप्रिल, रविवार

पेट्रोलपासून सुरुवात. कोलोराडोच्या पंपावर तीन बटणं: ८५, ८७, ९१. हे ऑक्टेनचे आकडे. आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप कमी पेटतं. इथे ‘रेग्युलर’ म्हणजे ८५. किनाऱ्यावरच्या राज्यांत रेग्युलर ८७ असतं, त्यामुळे नवा माणूस सगळ्यात स्वस्त बटण दाबतो आणि ८७ भरलं असं समजून निघून जातो.

८५ इथे का विकतात याला जुनं कारण आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर. हवेचा दाब समुद्राकाठी १४.७ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), इथे १२ च्या थोडा वर. कार्ब्युरेटरच्या साध्या इंजिनात हवा स्वतःच्या दाबाने जेवढी आत येईल तेवढीच येते. उंचीवर ती कमी येते, सिलिंडरमधला दाब कमी राहतो, इंजिन ठोकत नाही, म्हणजे नॉकिंग होत नाही. मग कमी ऑक्टेन चालून जातं. त्या काळासाठी हिशेब बरोबर होता.

टर्बोला हा हिशेब लागू नाही. टर्बो बाहेरची पातळ हवा ओढून, दाबून, इंजिनाला हवा तेवढा दाब तयार करून देतो. उदाहरणादाखल धरू की संगणकाने मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) एकूण २५ पीएसआय मागितलं. समुद्राकाठी टर्बोला हवा १.७ पट दाबावी लागेल. डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी, ११,१५८ फुटांवर, हवेचा दाब ९.७ च्या आसपास असतो. तिथे तेच काम करायला हवा २.६ पट दाबावी लागेल. हवा जितकी जास्त दाबाल तितकी ती तापते. इंटरकूलर बरीचशी उष्णता काढतो, सगळी नाही. म्हणजे डोंगरात सिलिंडरमध्ये दाब तेवढाच आणि हवा उलट जास्त गरम. ज्या उंचीमुळे साध्या इंजिनाला सवलत मिळते, तीच उंची टर्बोला महागात पडते.

मॅन्युअल काढून वाचलं. किमान ८७. उत्तम कामगिरीसाठी ९१ किंवा त्याहून वरचं सुचवलेलं आहे, आणि फरक गरम हवेत व ट्रेलर ओढताना जास्त जाणवेल असंही लिहिलंय. ‘सुचवलेलं’ आणि ‘अनिवार्य’ यांत फरक आहे, तो लक्षात ठेवायचा.

पहिला निकाल लागला: ८५ बाद. चढ असो, उतार असो, ट्रक रिकामा असो. बाकी प्रश्न ८७ की ९१ एवढाच.

८ एप्रिल, मंगळवार

सांगलीहून मेव्हण्याचा फोन. त्याला ८५ चा आकडा सांगितल्यावर तो हसायलाच लागला. “दाजी, आमच्या सांगलीच्या पंपावर साधं पेट्रोल ९१ च्या खाली नाही, आणि तुम्ही अमेरिकेत बसून ८५ घालताय?”

त्याला समजावून सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक जेवणात कुणी ना कुणी विचारतो. भारतात पंपावर लिहितात तो आकडा ‘रॉन’. अमेरिकेत लिहितात ती ‘रॉन’ आणि ‘मॉन’ यांची सरासरी. दोन्ही चाचण्या एका सिलिंडरच्या त्याच जातीच्या इंजिनावर होतात. रॉन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजतात. मॉन ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण आधी तापवून, म्हणून मॉनचा आकडा आठ-दहाने कमी येतो. त्यामुळे इथलं ८७ म्हणजे तिकडचं जवळपास ९१-९२, आणि इथलं ९१ म्हणजे तिकडचं ९५-९६. भारतात साधं पेट्रोल ९१ रॉनचं असायचं, आणि २० टक्के इथेनॉलचं आता ९५ पर्यंत जातं. म्हणजे सांगलीत तो साध्या पंपावर जे भरतो, ते ऑक्टेनपुरतं बघितलं तर माझ्या इथल्या प्रीमियमच्या तोडीचं आहे. हे ऐकल्यावर त्याने फोन बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, द्यायला लावला आणि ती बातमी पहिल्यांदा तिला सांगितली.

तो मग म्हणाला, “मग जास्त ऑक्टेनचं घातलं की ॲव्हरेज वाढतं ना?” तसं नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेटून न उठण्याची त्याची तयारी, एवढंच. त्या तयारीचा उपयोग करून घेणारं इंजिन असेल तर फायदा, नाहीतर पैसे धुरात. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये ‘प्रीमियम सुचवलेलं’ या वर्गातल्या गाड्या तपासल्या, तेव्हा सरासरीने मायलेज २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. किमतीतला फरक त्यातून भरून निघत नाही. पण त्या चाचणीत मागे साडेसहा हजार पाउंड नव्हते.

१३ एप्रिल, रविवार

आज ऑईल. दुकानात बाटल्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचण्यात दुपार गेली. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचू नये. तिथे नुसते चकचकीत शब्द असतात.

ग्रेडचा प्रश्नच नाही: ५डब्ल्यू-३०. डब्ल्यूच्या आधीचा ५ म्हणजे उणे ३० सेल्सिअसला इंजिन फिरवण्याइतकं ऑईल पातळ राहतं. डेन्व्हरच्या जानेवारीला एवढं पुष्कळ झालं. नंतरचा ३० म्हणजे १०० सेल्सिअसला त्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या पट्ट्यात.

त्यानंतर फोर्डच्या ऑईल-मानकाचा नंबर. या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये ९४६ च्या मालिकेतला नंबर आहे. त्याच्या जागी आता डब्ल्यूएसएस-एम२सी९६१-ए१ आलाय. हा नंबर बाटलीवर असला पाहिजे. “फोर्डसाठी योग्य” असं नुसतं म्हटलेलं चालणार नाही.

आणि एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) वर्ग एसपी. यासाठी मी अडून बसणार आहे, आणि त्याचं कारण टर्बोच आहे. छोट्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्या आणि जास्त भार असताना कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. नेहमीचं नॉकिंग ठिणगीनंतर होतं आणि संगणक ठिणगी मागे घेऊन ते आवरतो. इथे ठिणगीच्या आधीच सगळं झालेलं असतं, मागे घ्यायला काही उरत नाही. एका जोरदार झटक्यात पिस्टनच्या कडा तुटू शकतात. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल आणि पेट्रोलचे मिसळलेले थेंब याला कारणीभूत ठरतात, आणि ऑईलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट आगीत तेल ओतायचं काम करतं. म्हणून २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी वर्ग आला. कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून काही काम मॅग्नेशियमवर सोपवलं. एसपीची ही चाचणी होते फोर्डच्याच २ लिटर इकोबूस्टवर, आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही त्याच जातीच्या इंजिनावर. माझ्या इंजिनाच्या धाकट्या भावावर तपासलेलं ऑईल असताना दुसरं कशाला शोधायचं?

आयएलएसएसी या ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या समितीचा नवा जीएफ-७ वर्ग ३१ मार्चपासून सुरू झालाय, पण दुकानातल्या बाटल्यांवर तो अजून आलेला नाही. थांबायचं कारण नाही.

शेजाऱ्याचा डिझेल ट्रक आहे. त्याने प्रेमाने डिझेलच्या ऑईलचा भरलेला कॅन देऊ केला: “याने इंजिन कधीच मरत नाही.” डिझेलसाठी उत्तमच असेल. पण त्यातलं डिटर्जंट डिझेलच्या काजळीच्या हिशेबाने घातलेलं असतं, आणि वर लिहिलेलं कॅल्शियमचं प्रकरण माझ्या डोक्यात आहे. नको म्हटलं, बदल्यात कांदाभजी दिली.

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, डोंगरात ओढायचं तर ५डब्ल्यू-४० घाल, दाट ऑईल बरं. विचार केला. या इंजिनात कॅमशाफ्टचं टायमिंग ऑईलच्याच दाबाने हलतं, आणि तो सगळा हिशेब ५डब्ल्यू-३० वर बसवलेला आहे. दाट ऑईल घालून एका टोकाला दोन पैसे वाचवायचे आणि दुसऱ्या टोकाला नवा प्रश्न उभा करायचा, हे मला पटत नाही. ऑईल पातळ होण्याची भीती असेल तर ते लवकर बदलावं.

ठरलं: पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, एसपी, मागे ९६१-ए१ चा नंबर. ब्रँड जो सवलतीत असेल तो. फिल्टर मात्र मोटरक्राफ्ट एफएल-५००एसच.

१९ एप्रिल, शनिवार

ऑईल बदललं. आधी दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट केलं, म्हणजे गाळ तरंगता राहतो. ड्रेन बोल्ट काढून थोडं वाहू दिलं आणि मधल्या धारेखाली प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायची छोटी बाटली धरली. सुरुवातीच्या धारेत तळाचा कचरा येतो, शेवटच्या धारेत पॅनच्या कोपऱ्यातलं जुनं, मधलं खरं.

दोन बोटांत घेऊन बघितलं. धातूचा चुरा लागत नाही, पण वास पेट्रोलचा. चांगलाच. हिवाळ्यात शाळा, किराणा, ऑफिस अशा तीन-तीन मैलांच्या फेऱ्या झाल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि भिंतीवरून उतरलेलं पेट्रोल ऑईलमधून उडून जात नाही. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांची ही जुनी खोड.

फिल्टर पुढच्या बाजूला आहे. सैल केला की ऑईल आधी खालच्या आडव्या पट्टीवर ओघळतं आणि मग तिथून जिथे पॅन नाही नेमकं तिथे. खाली जुना पुठ्ठा तिरपा खोचला, त्यावरून सगळं पॅनमध्ये आलं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावलं आणि तो हातानेच घट्ट केला.

आत गेलं सहा क्वार्ट, म्हणजे ५.७ लिटर. इंजिन चालू करून बंद केलं, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघितली. वरच्या खुणेच्या किंचित खाली. तिथेच सोडलं, पेट्रोल मिसळून पातळी वर चढली तर ती लगेच कळावी. ऑईल लाइफचा मीटर १०० वर आणला.

३ मे, शनिवार

तपासणीचा कागद आला. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम सगळं त्या इंजिनाच्या नेहमीच्या पातळीत. सिलिकॉन कमी, म्हणजे एअर फिल्टर नीट बसतोय. पण पेट्रोल जवळपास ३ टक्के, आणि दाटपणा १०० सेल्सिअसला ८.९. म्हणजे ३० च्या पट्ट्याच्या खाली घसरून २० च्या पट्ट्यात गेलेलं. ते किती मैल चाललेलं होतं हे माहीत नसल्याने कुणावर खापर फोडता येत नाही.

यावरून बदलण्याचा काळ ठरवतो. मीटर स्वतःच्या हिशेबाने जास्तीत जास्त १०,००० मैल किंवा एक वर्ष देतो. ट्रेलर ओढण्यासारख्या कठीण वापरासाठी मॅन्युअल ५,००० मैल किंवा सहा महिने म्हणतं. मी ५,००० धरतो, आणि हिवाळा छोट्या फेऱ्यांचा गेला तर सहा महिन्यांचीही वाट बघणार नाही. महागड्या बाटलीवर खर्च करण्यापेक्षा साध्या चांगल्या ऑईलचे दोन बदल जास्त उपयोगाचे, हे माझं मत या कागदाने पक्कं केलं.

२४ मे, शनिवार

पहिली ओढ. टाकीत ८७, हवा थंड, डोंगरमाथ्यावर अजून बर्फ.

ओबीडीच्या (इंजिनाच्या संगणकाशी जोडणाऱ्या) सॉकेटमध्ये डोंगल आणि फोनवर ते आकडे दाखवणारं फोर्स्कॅन ॲप. त्यात एक आकडा आहे: पेट्रोलच्या ऑक्टेनबद्दल संगणकाने शिकून ठेवलेलं मत. उणे १ म्हणजे पेट्रोलवर खूश, ठिणगी पूर्ण पुढे. अधिक १ म्हणजे पूर्ण नाराज. गेल्या महिनाभरात रिकाम्या ट्रकने, ८७ वर, तो उणे ०.४ च्या आसपास राहत होता. फोन बायकोच्या हातात. मी रस्ता बघतो, ती आकडे वाचते. तिला हे काम पहिल्या तासानंतर कंटाळवाणं वाटलं आणि ती ते लपवत नाही.

फ्लॉइड हिलला आकडा हलला नाही. जॉर्जटाउनपासून सिल्व्हर प्लूमचा चढ लागला तसा उणे ०.२ वर आला. कानाला काही नाही, ओढ पुरेशी. थंड हवेत ८७ वर काम भागतं, एवढं आज कळलं.

टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) चालूच ठेवायचा. नाहीतर दहा गिअरचा बॉक्स मायलेजसाठी वरच्या गिअरमध्ये जाऊन बसतो आणि इंजिन १,६०० फेऱ्यांवर पूर्ण भार ओढू बघतं. कमी फेऱ्या, जास्त भार: ऑईलच्या नोंदीत लिहिलेली ती नेमकी वेळ. फेऱ्या ३,००० वर गेल्या, आवाज वाढला, तरी बिघडत नाही.

२१ जून, शनिवार

आज खरा फरक दिसला. आयडाहो स्प्रिंग्सला ३१ सेल्सिअस, कॅम्पर भरलेला, टाकीत अजून ८७. जॉर्जटाउनच्या वर आकडा शून्य ओलांडून अधिक ०.१५ वर गेला आणि तिथेच राहिला. इनटेकमधली हवा तापलेली. पेडल तेवढंच दाबलेलं असताना वेग ५५ वरून ४८ वर उतरला. नॉकिंग ऐकू येण्याच्या कितीतरी आधी संगणक ठिणगी मागे ओढून बूस्ट कापतो. ठिणगी उशिरा पडली की उष्णता चाकांकडे जाण्याऐवजी एक्झॉस्टमधून टर्बोकडे जाते, आणि ते गार ठेवायला मिश्रण जास्त पेट्रोलचं करावं लागतं. म्हणून अशा चढावर ८७ जास्त पितं.

बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नच्या सात टक्के उतारावर गिअरने वेग धरला, खाली डिलनला टाकी जवळपास रिकामी होती. ९१ भरलं.

२२ जून, रविवार

परतीचा चढ पश्चिमेकडून, म्हणजे जास्त खडा. ९१ वर डिलनभोवती थोडं हिंडून झालं होतं, कारण संगणकाला नवं पेट्रोल ओळखायला भाराखालचे काही मैल लागतात; पंपावरून निघाल्या निघाल्या काही बदलत नाही. चढावर आकडा उणे ०.६. वेग टिकला, गिअरची खालीवर कमी झाली.

ही प्रयोगशाळेतली तुलना नव्हे. दिशा वेगळी, सकाळची वेळ, हवा गार. पण शून्याच्या वर आणि उणे ०.६ यांतलं अंतर नुसत्या गारव्याने येत नाही, असं माझं मत.

२८ जून, शनिवार

पैशांचा हिशेब. या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावर ८५ चा भाव २.९५ डॉलर, ८७ चा ३.३५, ९१ चा ३.७०. वर्षाला १२,००० मैल धरले, त्यात ३,००० कॅम्परसह. रिकाम्या ट्रकला गॅलनला १९ मैल, कॅम्परसह १०. ९,००० रिकाम्या मैलांवर ९१ घातलं तर जादा १६६ डॉलर, आणि मिळणार जवळपास काही नाही. ओढण्याच्या ३,००० मैलांवर ९१ घातलं तर जादा १०५ डॉलर, आणि त्यातले काही मायलेजमधून परत येतील. हा खर्च मी आनंदाने करतो.

नियम: रिकामा असताना ८७. उन्हाळ्यात कॅम्पर जोडायचा असेल तर आदल्या आठवड्यात टाकी खाली आणायची आणि ९१ ने भरायची. ३६ गॅलनच्या टाकीत अर्धं ८७ असताना वर ९१ ओतलं तर हातात ८९ च येतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती. मखराच्या प्लायवुडच्या फळ्या, ढोल आणि घड्या घातलेली टेबलं ट्रकमध्ये. ओझं दिसायला मोठं, वजनाला किरकोळ. ८७ वर चाललं, आकडा बघितलासुद्धा नाही.

मधल्या काळात कॅन्ससला जाऊन आलो. तिकडे रेग्युलर ८७ आहे आणि काही पंपांवर ८८ त्याहून स्वस्त. ते ८८ म्हणजे १५ टक्के इथेनॉलवालं. मॅन्युअलनुसार चालतं, आकडाही ठीक राहिला, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे स्वस्ताईतला काही भाग मायलेजमध्ये जातो. ८५ टक्के इथेनॉलचं नळकांडं शेजारीच असतं. हे इंजिन त्यासाठी बनलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मीटर ६६,०२०. ऑईल काढलं, बाटली भरून पाठवली. या वेळी पेट्रोलचा वास जवळपास नाही. उन्हाळाभर लांबचे प्रवास झाले, इंजिन नीट तापत राहिलं. डिपस्टिकची पातळी एप्रिलमध्ये होती तिथेच.

तेच ऑईल परत, तोच फिल्टर. दुकानात आता जीएफ-७ लिहिलेल्या बाटल्या दिसायला लागल्यात. मागे ९६१-ए१ चा नंबर होता, म्हणून दोन कॅन घेऊन ठेवले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कागद आला. पेट्रोल १ टक्क्याच्या खाली, दाटपणा १०.१, लोखंड आधीपेक्षा कमी. ५,००० मैलांचा काळ उन्हाळ्यासाठी पुरेसा आहे, कदाचित थोडा जास्तही चालेल, पण वाढवणार नाही.

हिवाळ्यातला बदल फेब्रुवारीत, मीटर काहीही म्हणो. तेव्हाचा नमुना पाठवायचा आहे. रिकामी बाटली गॅरेजमध्ये फिल्टरच्या खोक्यात ठेवली आहे.